पुतळ्याला हार, वगावर पहारा

१ ऑगस्ट हा दिवस पुणे शहर दोन कारणांनी पाळते. १९२० साली याच तारखेला मुंबईच्या सरदारगृहात लोकमान्य टिळकांनी देह ठेवला, आणि त्याच दिवशी वाळवे तालुक्यातील वाटेगावच्या मांगवाड्यात तुकाराम भाऊराव साठे जन्माला आले. टिळकांची पुण्यतिथी सभागृहात, भाषणांनी साजरी होते. अण्णा भाऊंची जयंती सारसबागेजवळच्या त्यांच्या पुतळ्यापाशी, रस्त्यावर, हलगीच्या कडकडाटात साजरी होते. शहराच्या वस्त्यावस्त्यांतून माणसे येतात. पोराबाळांना खांद्यावर घेऊन येतात. त्या गर्दीतून वाट काढीत सर्व पक्षांचे पुढारीही येतात, हार घालतात, छायाचित्रापुरते थांबतात आणि पुढच्या कार्यक्रमाला जातात. चौकाचौकांतील फलकांवर अण्णा भाऊंच्या मुद्रेपेक्षा शुभेच्छुकांच्या मुद्रा मोठ्या असतात.

या सगळ्या सोहळ्यात एकच गोष्ट सहसा घडत नाही. अण्णा भाऊंचा वग होत नाही. ज्या ‘देशभक्त घोटाळे’ने, ‘शेटजीचे इलेक्शन’ने आणि ‘लोकमंत्र्यांचा दौरा’ने एके काळी कामगार मैदाने हसून हसून लोटपोट केली, त्यांतला एखादा हार घालून झाल्यावर त्याच पुढाऱ्यांना समोर बसवून करून दाखवावा, असे कोणत्याही उत्सव समितीच्या मनात येत नाही, आणि आले तरी ते मनातच राहते. अण्णा भाऊंची लोकप्रियता आज त्यांच्या हयातीत कधी नव्हती एवढी मोठी आहे. पण ही लोकप्रियता त्यांच्यातल्या वीराची आहे, करुण कहाणीची आहे, जातीच्या अभिमानाची आहे. त्यांच्यातल्या टवाळ शाहिराची नाही. त्या शाहिराला बाजूला ठेवल्यावरच हा सन्मान सर्वपक्षीय होऊ शकला, हे स्पष्टपणे म्हणण्याची वेळ आली आहे.

हसण्याचे राजकारण

१९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. तिघांच्या वाट्याला तीन वेगळी शक्तिस्थाने होती. अमर शेख यांचा आवाज मैदानाच्या टोकापर्यंत पोचणारा होता. गव्हाणकरांकडे संघटनेची आणि रचनेची शिस्त होती. आणि अण्णा भाऊंकडे तमाशाची उपजत जाण होती. दीड दिवस शाळेत गेलेला, मुंबईत गिरणीपासून हमालीपर्यंत पडेल ते काम केलेला, माटुंग्याच्या लेबर कॅम्पात अक्षरे गिरवलेला हा तरुण. त्याने मार्क्सवाद पुस्तकातून उचलून श्रोत्यांच्या माथी मारला नाही. शेकडो वर्षे मराठी माणूस ज्या फडासमोर मांडी घालून बसत आला, त्या फडाचेच रूप त्याने बदलले.

ते रूप कसे बदलले, हे पाहण्यासारखे आहे. जुन्या तमाशात आरंभी गणेशाचे स्तवन असे. अण्णा भाऊंनी त्या जागी मातृभूमीला आणि कष्टकऱ्यांना वंदन आणले. गौळणीचा शृंगार त्यांनी वगळला. परंतु सोंगाड्या मात्र ठेवला, नव्हे, त्यालाच मध्यभागी आणून उभे केले. जुन्या वगातला सोंगाड्या राजाला हसे, पण शेवटी राजाचाच चाकर राही. अण्णा भाऊंच्या वगात राजाच्या जागी सावकार, गिरणीमालक आणि खादीधारी पुढारी आले, आणि सोंगाड्याची भोळी दिसणारी उलटतपासणी थेट शोषणाच्या हिशेबावर येऊन थांबू लागली. ज्या प्रश्नावर विद्वानांनी ग्रंथ लिहावेत तो प्रश्न हा सोंगाड्या एका खुळचट वाटणाऱ्या शंकेने उघडा पाडी. श्रोता आधी हसे. हसता हसता त्याच्या ध्यानात येई, की हे आपल्याच घरातले आहे.

ही परंपरा अण्णा भाऊंनी शून्यातून निर्माण केलेली नव्हती. तिचा एक उगम पुण्यातच आहे. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ लिहिले, तेव्हा अडाणी कुणब्याला फसविणाऱ्या भिक्षुकशाहीचे सोंग उतरविण्यासाठी त्यांनी नाटकातील विदूषकालाच कामाला लावले. पुढे सत्यशोधक जलशांनी आणि आंबेडकरी जलशांनी हेच हत्यार गावोगाव नेले. अण्णा भाऊंनी त्या हत्याराला वर्गलढ्याची धार दिली. म्हणून त्यांना केवळ ‘कम्युनिस्टांचा शाहीर’ म्हणणे जसे अपुरे आहे, तसेच त्यांच्या लालपणाला वगळून केवळ ‘समाजाचे दैवत’ म्हणणेही अपुरे आहे.

तत्कालीन सत्तेने हे हत्यार ओळखले होते. मोरारजी देसाई मुंबई राज्याचे गृहमंत्री असताना लाल बावटा कलापथकाच्या प्रयोगांवर बंदी आली. कलावंतांमागे पोलीस लागले. तमाशाला बंदी आहे ना, मग आम्ही करतो ते ‘लोकनाट्य’, अशी पळवाट शाहिरांनी काढल्याचे सांगितले जाते, आणि तो शब्द मराठीत कायमचा रुळला. एक गोष्ट मोरारजींच्या बाजूने मान्य केलीच पाहिजे: त्यांनी अण्णा भाऊंची भीती बाळगली, म्हणजेच त्यांना गंभीरपणे घेतले. आजच्या सत्ताधाऱ्यांनी त्यांना ब्राँझमध्ये ओतून निर्धोक केले आहे.

मंगलकलश आला, शाहीर गेला

६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्याच्या टिळक स्मारक मंदिरात संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना झाली. समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन असे आयुष्यभर एकमेकांशी भांडलेले पक्ष एका व्यासपीठावर आले. एस. एम. जोशी समितीचे सरचिटणीस झाले. त्या व्यासपीठावरील भाषणांना गर्दी जमविण्याचे काम कोणी केले, याचा हिशेब इतिहासाच्या पुस्तकांत फारसा दिला जात नाही. ते काम शाहिरांनी केले. अमर शेख, आत्माराम पाटील, गव्हाणकर आणि अण्णा भाऊ यांच्या डफावर थाप पडल्यावाचून सभा भरत नसे.

त्याच काळातली ‘माझी मैना’ ही छक्कड आज घराघरांत पोचली आहे. मुंबईत पोटासाठी आलेल्या कामगाराचा गावाकडे राहिलेल्या घरधनिणीसाठी होणारा जीवाचा आकांत तिच्यात आहे. आणि तोच आकांत पुढे महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या सीमाभागाचा होतो. खासगी विरहातून राजकीय विरहाकडे जाणारी अशी वाट मराठी कवितेत विरळाच. परंतु आज दूरचित्रवाणीच्या स्पर्धांतून आणि वाद्यवृंदांच्या कार्यक्रमांतून कानी पडतो तो बहुधा तिचा पहिला, हळवा भाग. ज्या भागात राजकारण आहे, मुंबईच्या लढ्याचा आणि सीमेच्या तुकड्यांचा उल्लेख आहे, तो वेळेअभावी गळतो. वेळ नेमकी तिथेच कशी संपते, हे विचारण्यासारखे आहे.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. मंगलकलश आला, आणि शाहिरांची गरज संपली. लाल बावटा पथकाची जुनी एकजूट आधीच विसकटली होती; पुढे १९६४ मध्ये कम्युनिस्ट पक्षच दुभंगला. अण्णा भाऊ घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत राहून कादंबऱ्या लिहीत होते. १९५९ ची ‘फकिरा’ त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली. १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला आणि त्याच साली ते सोव्हिएत रशियाचा प्रवास करून आले. तीसहून अधिक कादंबऱ्या, कथासंग्रह, प्रवासवर्णन, पटकथा एवढा त्यांचा पसारा. चित्रपटसृष्टीने त्यांतून आपल्या सोयीचे उचलले: १९६१ मध्ये ‘वैजयंता’, १९६३ मध्ये ‘फकिरा’, १९७० मध्ये ‘वारणेचा वाघ’. तमासगिरिणीची कथा चालली, बंडखोराचे शौर्य चालले; शेटजीचे इलेक्शन मात्र कोणत्याही निर्मात्याला सुचले नाही. निर्माता शेटजीच असतो, हे एक कारण त्याला पुरेसे आहे.

१८ जुलै १९६९ रोजी, वयाची पन्नाशीही गाठण्यापूर्वी, गोरेगावच्या सिद्धार्थनगरात अण्णा भाऊंचे निधन झाले. दारिद्र्य, व्यसन, एकाकीपण हे शेवटच्या वर्षांतले त्यांचे सोबती होते. पुढच्याच महिन्यात अमर शेखही गेले. एका युगाचा आवाज सहा आठवड्यांत थांबला.

या शेवटाची कहाणी हल्ली जयंतीच्या भाषणांत फार रंगवून सांगितली जाते. ‘त्यांची उपेक्षा झाली’ असे म्हणताना वक्त्यांचा कंठ दाटून येतो. पण उपेक्षा आपोआप होत नसते. ती कोणीतरी करतो. ज्यांच्यावर अण्णा भाऊंनी टीका केली त्यांनी ती केली, यात नवल नाही. ज्यांच्यासाठी ते गायले त्यांनीही ती केली, हे शल्य आहे. त्याचा विचार पुढे येईलच.

टपाल तिकीट ते मॉस्को

मरणोत्तर कीर्तीचा प्रवास हळूहळू सुरू झाला आणि नंतर त्याला वेग आला. त्याचे श्रेय प्रथम मातंग समाजातील आणि एकूणच दलित चळवळीतील कार्यकर्त्यांना दिले पाहिजे. विद्यापीठे आणि साहित्यसंस्था त्यांना ‘प्रचारकी’ म्हणून पायरीवर उभे करीत होत्या, त्या काळात वस्त्यांतील तरुणांनी वर्गणी काढून त्यांच्या जयंत्या केल्या, त्यांच्या कादंबऱ्या हातोहात फिरवल्या. १९५८ च्या मुंबईतील पहिल्या दलित साहित्य संमेलनात अण्णा भाऊंनी जे सांगितले होते, की ही पृथ्वी कोणा पुराणातल्या नागाने नव्हे तर राबणाऱ्यांनी तोलून धरली आहे, ते त्यांच्या बाबतीतही शब्दशः खरे ठरले. त्यांची कीर्ती राबणाऱ्यांनीच तोलून धरली.

शासन मागाहून आले. १९८५ मध्ये त्यांच्या नावाने विकास महामंडळ निघाले. २००२ मध्ये भारतीय टपाल खात्याने तिकीट काढले. २०२० हे जन्मशताब्दीचे वर्ष ठरले. सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोच्या विदेशी साहित्याच्या ग्रंथालयात त्यांचा पुतळा बसला. त्याचे अनावरण करावयास महाराष्ट्राचे तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस गेले. १ ऑगस्ट २०२३ रोजी तेलंगणाचे तत्कालीन मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव वाटेगावला आले आणि अण्णा भाऊंना भारतरत्न द्यावे अशी मागणी करून गेले. त्यांच्या पक्षाला तेव्हा महाराष्ट्रात पाय रोवावयाचे होते.

या यादीतील विसंगती अण्णा भाऊंच्या सोंगाड्याच्या नजरेतून सुटली नसती. स्टालिनग्राडचा पोवाडा गाणाऱ्या शाहिराचा पुतळा मॉस्कोत बसला, तेव्हा त्या पोवाड्यातले सोव्हिएत राज्य उरले नव्हते, आणि त्याच सुमारास मॉस्कोची फौज शेजारच्या युक्रेनची शहरे उद्ध्वस्त करीत होती. पुतळ्याचे अनावरण करणारा पक्ष लाल बावट्याचा जन्मजात वैरी. आणि ज्या महामंडळाने गरीब मातंग कुटुंबांना कर्जे द्यावयाची, त्याच्या माजी अध्यक्षाला, जो विधानसभेचा आमदारही होता, शेकडो कोटींच्या अपहाराच्या आरोपावरून २०१५ मध्ये अटक झाली. ‘देशभक्त घोटाळे’च्या लेखकाच्या नावाने चालणाऱ्या संस्थेवरच घोटाळ्याचा आरोप यावा, एवढे झोंबरे कथानक रचण्याचे धाडस खुद्द अण्णा भाऊंनाही झाले नसते.

विनोदी गीतकाराचे पुनरुज्जीवन म्हणजे काय, याचा एक वेगळा नमुना परदेशात घडला. टॉम लेहरर हा अमेरिकेतील गणिताचा प्राध्यापक. अणुबॉम्ब, धर्मसंस्था, वंशद्वेष या साऱ्यांवर त्याने १९५० आणि १९६० च्या दशकांत पियानोवर बसून झोंबरी गाणी रचली, आणि मग ते सारे आपण होऊन सोडून तो वर्गात परतला. १९८० च्या सुमारास लंडनच्या रंगभूमीने ती गाणी पुन्हा उभी केली. नव्या पिढीने ती उचलली. २०२० मध्ये, नव्वदी उलटल्यावर, त्याने आपले शब्द आणि चाली कोणीही विनामूल्य वापराव्यात असे जाहीर केले. २०२५ च्या जुलैत तो वारला. त्याचे पुतळे उभारल्याचे ऐकिवात नाही; त्याची गाणी मात्र गायिली जातात. अर्थात लेहररला पोटाची चिंता नव्हती. त्याने सोडले ते स्वेच्छेने. अण्णा भाऊंच्या हातून डफ सुटला तो भुकेने आणि एकटेपणाने. हा फरक दोन माणसांचा नसून दोन वर्गांचा आहे. तरीही धडा एकच आहे: विनोदी गीतकार जिवंत असतो तो गायिला जात असताना. त्याचे स्मारक म्हणजे त्याचा प्रयोग. बाकी सर्व दगड आणि धातू.

गाणाऱ्यांचे काय झाले?

मग प्रश्न असा येतो, की अण्णा भाऊंचा वारसा सांगत जे खरोखर गायिले त्यांचे काय झाले? उत्तर शोधावयास पुण्याबाहेर जावे लागत नाही.

२००२ च्या गुजरातमधील हत्याकांडानंतर पुण्यातल्या वस्त्यांतील आणि महाविद्यालयांतील काही तरुणांनी कबीर कला मंच स्थापन केला. डफ, तुणतुणे, हलगी घेऊन हे तरुण जातीवर, दंगलींवर, महागाईवर गाऊ लागले. त्यांच्या गाण्यांत अण्णा भाऊंचे नाव वारंवार येई. एप्रिल २०१३ मध्ये मंचाच्या शीतल साठे आणि सचिन माळी यांनी विधान भवनासमोर स्वतःला पोलिसांच्या स्वाधीन केले. शीतल साठे तेव्हा गरोदर होत्या. त्यानंतर ३१ डिसेंबर २०१७ रोजी शनिवारवाड्यासमोर एल्गार परिषद झाली. तिच्या प्रकरणात मंचाच्या सागर गोरखे, रमेश गायचोर आणि ज्योती जगताप यांना सप्टेंबर २०२० मध्ये, म्हणजे अण्णा भाऊंच्या जन्मशताब्दीच्याच वर्षी, अटक झाली. एकीकडे शासन शताब्दीच्या निमंत्रणपत्रिका छापीत होते, दुसरीकडे त्या शाहिराची परंपरा सांगणारे कलावंत कोठडीत जात होते.

या कलावंतांवरील आरोप बंदी घातलेल्या संघटनेशी संबंध असल्याचे आहेत, आणि त्यांचा निवाडा न्यायालयात व्हावयाचा आहे. पुराव्याने जे सिद्ध होईल ते होवो. पण खटला उभा राहण्यापूर्वीच वर्षामागून वर्षे तुरुंगात काढावी लागणे ही शिक्षाच आहे. आणि त्याहून चिंतेची गोष्ट वेगळीच आहे. १७ ऑक्टोबर २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ज्योती जगताप यांचा जामीन नाकारला. त्या निर्णयात इतर कारणांबरोबर शनिवारवाड्यावरील प्रयोगाच्या संहितेचाही विचार झाला. ‘अच्छे दिन’, गोमूत्र, शाखा यांसारख्या शब्दांवरून केलेली थट्टा आणि लोकनियुक्त सरकारची उडविलेली खिल्ली यांची नोंद त्या आदेशात आहे. न्यायालयाविषयी आदर राखूनही विचारणे भाग आहे: सरकारची खिल्ली ही गुन्ह्याची खूण ठरू लागली, तर ‘लोकमंत्र्यांचा दौरा’ कोणत्या कलमात बसवावयाचा?

शाहिरांपुरतेच हे थांबलेले नाही. २ फेब्रुवारी २०२४ रोजी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात विद्यार्थ्यांनी एक प्रयोग केला. रामलीलेत काम करणाऱ्या नटांच्या पडद्यामागच्या गमतींवर तो बेतलेला होता. अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेच्या कार्यकर्त्यांनी प्रयोग उधळला. अटक मात्र झाली ती विभागप्रमुखांना आणि विद्यार्थ्यांना. नाटक शिकविणाऱ्या विभागात नाटक केल्याबद्दल शिक्षकाला अटक होते, हे जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या पुण्यात घडले आहे.

पुण्याबाहेर पाहावे, तर एप्रिल २०२३ मध्ये राज मुंगासे आणि उमेश खाडे या दोन तरुणांवर गुन्हे दाखल झाले. त्यांचा अपराध एवढाच, की पक्षांतराच्या बाजारावर आणि जनतेच्या फसवणुकीवर त्यांनी मराठीत रॅप गाणी केली होती. डफाऐवजी त्यांच्याकडे मोबाइल होता, फडाऐवजी समाजमाध्यमे होती. पण गाण्याची जात तीच होती, सोंगाड्याची. मार्च २०२५ मध्ये कुणाल कामराने एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर तेव्हाचे उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्यावर विडंबन केले, तेव्हा मुंबईतील ते सभागृहच शिंदे यांच्या पक्षाच्या लोकांनी फोडले; आणि दुसऱ्याच दिवशी महापालिकेला त्या जागेतील अनधिकृत बांधकाम आठवले. चार महिन्यांनी, जुलै २०२५ मध्ये, राज्याच्या विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. बेकायदेशीर कृत्याची त्यातली व्याख्या इतकी सैल आहे, की उद्या एखादी लावणीही तिच्यात सापडावी. अण्णा भाऊंच्या एका वगाचे नाव ‘बेकायदेशीर’ असे होते. ते नाव पुन्हा ताजे झाले आहे.

नाटकांवर पहारा ठेवणारा १८७६ चा ब्रिटिशांचा कायदा २०१८ मध्ये रद्द झाला. महाराष्ट्रात मात्र रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ कायम आहे. संहिता आधी सरकारला दाखवा, मग जनतेला, हा नियम ज्या राज्यात आहे त्या राज्याने लोकशाहिराचे पुतळे उभारावेत, यातली मौज ज्याला कळत नाही त्याला अण्णा भाऊ कळले नाहीत.

आक्षेपांचा समाचार

यावर काही आक्षेप घेतले जातील. पहिला असा, की ज्या समाजाला शतकानुशतके काहीच मिळाले नाही त्याला एक मानबिंदू मिळाला, तर त्यात राजकारण का आणावे? आक्षेपातला पहिला भाग संपूर्ण खरा आहे. १ ऑगस्टला सारसबागेजवळ येणाऱ्या बाईच्या डोळ्यांतला अभिमान खरा आहे, आणि त्याची थट्टा करण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण राजकारण आणले कोणी? अण्णा भाऊंच्या वाङ्मयात ते पहिल्या ओळीपासून आहे. ते काढून टाकणाऱ्यांनीच राजकारण केले आहे. मातंग समाजाला पुतळा देऊन त्याच्या हातातला डफ काढून घेणे हा सौदा अत्यंत स्वस्त आहे, आणि सौद्यातील दुसरा पक्ष तो मोठ्या खुशीने करतो.

दुसरा आक्षेप साहित्यिकांचा असतो. ते वग त्या काळापुरते होते, आता शिळे झाले, असे ते म्हणतात. शिळे काय झाले? शेटजी निवडणुकीला उभे राहणे थांबले, की मंत्र्यांचे दौरे थांबले? देशभक्ती मिरवून घोटाळे करणाऱ्यांची जात नष्ट झाली? ‘माझी मुंबई’ या वगाने मुंबई कोणाची असा प्रश्न विचारला होता. गिरण्या बंद पडल्या, गिरणगावच्या जमिनींवर मनोरे उठले, आणि गिरणी कामगार घरासाठी अजून मोर्चे काढतो आहे. हा प्रश्न शिळा झालेला नाही, त्याचे उत्तर देणारे पळून गेले आहेत.

तिसरा आक्षेप डाव्यांवर उलटणारा आहे, आणि तो मात्र मान्यच करावा लागतो. अण्णा भाऊ जिवंत असताना डाव्यांनी काय केले? शाहिराला त्यांनी सभेआधी गर्दी जमविणारा माणूस मानले. डफ वाजला, लोक जमले, की पुढारी उठणार आणि दीड तास बोलणार. शाहिराने खाली बसावयाचे. विचार पुढाऱ्याकडे आणि करमणूक शाहिराकडे, ही वाटणी मूळची ब्राह्मणी आहे, आणि ती लाल बावट्याखालीही सुखाने नांदली. समाजवादीही याला अपवाद नाहीत. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकासाठी पु. ल. देशपांड्यांनी ‘पुढारी पाहिजे’ लिहिले. निळू फुले पुण्याच्या त्याच कलापथकातून घडले. कलापथकाने पिढ्यांना हसत हसत राजकारण शिकविले. पण कलावंताचा संसार कसा चालतो, हा प्रश्न चळवळीने आपला मानला नाही. काही चित्रपटांत गेले, काही नोकरीत, काही मौनात. जी चळवळ आपल्या शाहिराला भाकरी देत नाही, तिला त्याच्या पुतळ्याला हार घालणाऱ्यांवर रागावण्याचा अर्धाच हक्क उरतो.

तो अर्धा हक्क तरी बजावला पाहिजे. त्यासाठी चार साध्या गोष्टी मागता येतात. अण्णा भाऊंची सर्व लोकनाट्ये, त्यांच्या चालींच्या नोंदींसह, एका स्वस्त पुस्तकात शासनाने छापावीत आणि ती पुस्तके प्रत्येक शाळेत व वस्तीत जावीत. पुण्यात पद्मावतीजवळ त्यांच्या नावाचे महापालिकेचे सभागृह आहे. दरवर्षी १ ऑगस्टला तेथे त्यांचा एक वग संहितेला कात्री न लावता व्हावा, आणि हार घालावयास येणाऱ्या प्रत्येक पुढाऱ्याने तो शेवटपर्यंत बसून पाहावा. प्रयोगाआधी संहिता तपासण्याचा नियम रद्द व्हावा. आणि केवळ गाण्यासाठी, केवळ थट्टेसाठी ज्यांच्यावर गुन्हे नोंदविले गेले ते मागे घ्यावेत. या मागण्यांना फारसे पैसे लागत नाहीत. मॉस्कोच्या दौऱ्याहून त्या स्वस्त आहेत.

अजून एका तारखेकडे लक्ष ठेवावे लागेल. भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याच्या लेखनाचे हक्क वारसांकडे राहतात. अण्णा भाऊंच्या बाबतीत ही मुदत २०२९ च्या अखेरीस संपते. तोवर त्यांच्या वारसांना त्यांचा न्याय्य वाटा मिळालाच पाहिजे. ज्यांच्या बापजाद्याला हयातीत पुरते मानधन मिळाले नाही, त्यांच्या हक्कावर क्रांतीच्या नावाने डल्ला मारणे शोभणारे नाही. १ जानेवारी २०३० पासून मात्र तो वग, ती छक्कड, तो पोवाडा कायद्यानेही सगळ्यांचा होईल. त्या दिवशी तो उचलावयास कोण पुढे येणार? जाहिरातदार येतील, चित्रपटवाले येतील, प्रचारसभांचे कंत्राटदार येतील. त्यांच्याआधी वस्तीतला मुलगा, कारखान्यातला कंत्राटी कामगार, घरकाम करणारी बाई यांनी तो उचलावा असे वाटत असेल, तर तालमी आतापासून सुरू झाल्या पाहिजेत.

तोवर दरवर्षी १ ऑगस्ट येईल. हलगी वाजेल, हार पडतील, पुढारी हात जोडून उभे राहतील. पुतळा काही बोलणार नाही. पण गर्दीतल्या एखाद्या तरुणाने पुढे होऊन त्याच पुढाऱ्यांसमोर, त्याच हलगीवर ‘देशभक्त घोटाळे’चा पहिला प्रवेश सुरू केला, तर त्या जागी कोण हसते आणि कोण पोलिसांना बोलावते, हे एका क्षणात कळेल. अण्णा भाऊंचे खरे वारस कोण, हे ठरविण्यास दुसऱ्या कोणत्याही समितीची गरज नाही.